जुन्या बोलेरोचं चार्जिंग होत नाही: नवा ऑल्टरनेटर टाकण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००६ ची बोलेरो, जुनं साधं डिझेल इंजिन, कऱ्हाड ते चिपळूण नेहमीची ये-जा. दोन महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली, तरी सकाळी सेल्फ जेमतेम फिरतो. परवा रात्री कुंभार्ली घाटात हेडलाइट पिवळे पडले आणि गाडी चालू असतानाही मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा मंद जळत राहिला. गॅरेजमध्ये दाखवलं तर ‘डायनॅमो (म्हणजे ऑल्टरनेटर) गेलाय, नवीन टाका’ म्हणाले. टाकावा का, की दुरुस्त होईल?

आत्ताच टाकू नका. ऑल्टरनेटर बिघडलेला असण्याची शक्यता आहेच, पण नवा टाकूनही तक्रार जशीच्या तशी राहिलेल्या गाड्या माझ्याकडे कायम येतात. बेल्ट, बी प्लसची (ऑल्टरनेटरकडून बॅटरीच्या प्लसला जाणारी) जाड वायर, इंजिनाचं अर्थिंग, मीटरमधला तो छोटा बल्ब, बॅटरीची टर्मिनलं, यातलं काहीही ढिलं पडलं तरी लक्षणं हीच दिसतात. दोन-चार ठिकाणी मीटर लावला की कोण दोषी ते कळतं. त्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो.

तुमच्या गाडीत आणखी एक भानगड आहे. पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम इनटेकमधून मिळतो. डिझेलला तो तसा मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो, आणि त्या काळच्या बोलेरो, सुमो वगैरे गाड्यांत हा पंप ऑल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. शाफ्ट एकच, आणि पंपाला वंगण म्हणून इंजिनाचं ऑइल पाइपने येतं. म्हणजे बेल्ट तुटला तर चार्जिंग जातं आणि पाठोपाठ ब्रेकची मदतही जाते. घाटातल्या गाडीला हे दुखणं अंगावर काढून चालत नाही.

आधी बॅटरी. नवी आहे म्हणून ती चांगलीच असेल असं धरू नका. दोन महिने अर्धपोटी चाललेली बॅटरी आतून खराब व्हायला लागते. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता टर्मिनलवर मीटर धरा. १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी तरी उतरलीय नाहीतर सेल्फ तरी जास्त करंट खातोय. उतरलेली असेल तर बाहेरच्या चार्जरवर लावून पूर्ण भरून घ्या. ८० अँपिअर-तासांची असेल तर साधारण ८ अँपिअरने, रात्रभर. हे टाळून पुढची तपासणी केली तर सगळे आकडे फसवे येतात, कारण रिकामी बॅटरी चांगल्या ऑल्टरनेटरचंही व्होल्टेज खाली ओढते. झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल बघा. पाच सेल १.२५० च्या आसपास आणि एकच १.२०० च्या खाली असेल तर तो सेल गेला. मग ऑल्टरनेटरच्या मागे लागण्यात अर्थ नाही, वॉरंटीचं कार्ड शोधा.

आता गाडी चालू करा आणि जरा रेस द्या, १५०० आरपीएमच्या आसपास. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. मग हेडलाइट अप्परवर, ब्लोअर फुल, वायपर चालू. एवढं सगळं लावून आकडा साडेतेराच्या वर टिकला तर ऑल्टरनेटर आपलं काम करतोय. १२.४ वरून आणखी खाली घसरत गेला तर चार्जिंग होत नाही. आणि १५ च्या वर गेला तर उलटा रोग: रेग्युलेटर, म्हणजे आपल्या भाषेत कटआउट, शॉर्ट झालाय. त्यात बॅटरीचं पाणी लवकर आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडतात. तुमचे दिवे पिवळे पडतात, तेव्हा हा प्रकार तुमचा नाही.

एक प्रयोग मात्र कुणी सांगितला तरी करू नका: चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी चालते का बघू’. साधं डिझेल इंजिन ऑल्टरनेटर असो-नसो चालत राहतं, त्याला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही. उलट टर्मिनल काढल्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि चांगले डायोड (ऑल्टरनेटरच्या आत एसीचा डीसी करणारे भाग), कटआउट सगळं एका फटक्यात जातं.

बेल्ट थोडक्यात सांगतो. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबा, १० ते १२ मिलिमीटर दबायला हवा. सकाळी दिवे लावल्यावर चीं-चीं आवाज येत असेल तर बेल्ट घसरतोय. कडा चकचकीत, काचेसारख्या झाल्या असतील तर नुसता ताणून उपयोग नाही, बदला. पुलीची खाचसुद्धा बघा. व्ही बेल्टने कडांवर पकड घ्यायची असते. तो खाचेच्या तळाला टेकत असेल तर पुली झिजली, आणि मग नवा बेल्टही घसरणारच. घट्ट म्हणजे चांगला असं समजून तारेसारखा ताणणारेही बरेच आहेत. त्याने आधी ऑल्टरनेटरचं आणि मग वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

आता ज्या तपासणीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तिच्याकडे येतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल पिन ऑल्टरनेटरच्या मागच्या बी प्लस नटावर, काळी पिन बॅटरीच्या प्लसवर. हो, दोन्ही प्लसवरच. गाडी चालू, रेस थोडी वर, दिवे आणि ब्लोअर चालू. आता मीटर जो आकडा दाखवेल तो त्या वायरीत वाया जाणारा व्होल्टेज. ०.२ पर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली कडी) किंवा मधला फ्यूज लिंक खराब. तसंच मायनसचं करा: एक पिन ऑल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसच्या खांबावर. इथेही ०.२ च्या आत हवं. पिन टर्मिनलच्या क्लॅम्पवर न लावता बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवा, कारण बऱ्याचदा दोष त्या दोघांच्या मध्येच असतो.

कोकणात ये-जा करणाऱ्या गाड्यांत मला मायनसच जास्त वेळा सापडतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चासी यांच्यात जी विणलेली अर्थिंगची पट्टी असते तिच्यावरच सगळा भार येतो. पावसाळी हवेत ती आतून हिरवी पडते आणि वरून धड दिसते. बोल्टाखाली रंग किंवा गंज असेल तर घासून धातू उघडा करा, पट्टी नवी घाला, बोल्ट आवळल्यावर वरून थोडं ग्रीस लावा. शंभर-दोनशेच्या आत सुटणारं काम आहे. माझ्याकडे एक सुमो आली होती, तिचा ऑल्टरनेटर दुसरीकडे बदलून झाला होता, तरी रात्री दिवे मंदच. ऑल्टरनेटरवर १४.३ व्होल्ट आणि बॅटरीवर १३.१. मधला सव्वा व्होल्ट एका थिंबलमध्ये जात होता. वायरीची निम्मी तार तुटून काळी पडलेली आणि वरचं इन्सुलेशन मऊ झालेलं. थिंबल नवीन दाबून बसवलं, वायर एक साइज जाड टाकली, संपलं.

बी प्लसला पाना लावण्याआधी बॅटरीचं मायनस काढा. ती वायर थेट बॅटरीला असते, चावी बंद असली तरी जिवंत. पाना बॉडीला टेकला तर जागच्या जागी वेल्डिंग होतं. हातात कडं, अंगठी असेल तर आधी काढून ठेवा.

आता तुमच्या लाल दिव्याबद्दल. तुम्ही दिलेल्या माहितीत हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. हा दिवा फक्त इशारा देण्यासाठी नसतो. चावी लावली की करंट या बल्बमधून ऑल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलला आणि तिथून रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, कॉइलला जातो. त्या थोड्याशा करंटने रोटरमध्ये चुंबकत्व येतं आणि मग फिरल्यावर ऑल्टरनेटर स्वतःच स्वतःला करंट पुरवायला लागतो. त्यानंतर बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज येतो, म्हणून बल्ब विझतो.

यावरून बरंच काही ओळखता येतं. चावी लावली, गाडी बंद, आणि दिवा लागतच नाही: बल्ब उडाला, डी प्लसची बारीक वायर तुटली किंवा आत कार्बन (रोटरला करंट पोहोचवणारे ब्रश) संपले. अशा गाडीत एकदा जोरात रेस दिल्यावर मग चार्जिंग पकडतं, कारण रोटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व तेवढ्याला पुरतं. हल्ली मीटरमधले बल्ब काढून एलईडी टाकायची हौस आलीय. एलईडीतून पुरेसा करंटच जात नाही, आणि मग लोक ऑल्टरनेटर बदलतात! बॅटरीच्या दिव्याच्या जागी जुना तारेचा बल्बच ठेवा.

गाडी चालू आणि दिवा भक्क जळतो: चार्जिंग पूर्ण बंद. गाडी चालू आणि दिवा मंद जळतो, म्हणजे तुमचा प्रकार: बल्बच्या दोन बाजूंत थोडा फरक राहिलाय. तो तीन कारणांनी राहतो. एक, बी प्लसच्या वायरीत ड्रॉप आहे. ते तुम्ही वरच्या तपासणीत पकडलंच. दोन, इग्निशन स्विचचे पॉइंट जळाल्यामुळे बल्बलाच कमी व्होल्टेज पोहोचतोय. हे निरुपद्रवी, पण अठरा-वीस वर्षं जुन्या गाडीत सर्रास असतं. तीन, ऑल्टरनेटरच्या आतला एखादा डायोड गेलाय. सकाळी बॅटरी उतरलेली असते हे त्याच्याशी जोडून पाहिलं, तर माझा संशय तिसऱ्यावर आहे.

डायोडचा संशय मीटर न लावताही पडताळता येतो. गाडी रात्रभर उभी असताना, पहाटे बॉनेट उघडून ऑल्टरनेटरला हात लावा. इंजिन गार आणि ऑल्टरनेटर मात्र कोमट लागला, तर प्लस बाजूचा डायोड शॉर्ट आहे. बॅटरीचा करंट त्या डायोडमधून उलटा आत शिरतो, वाइंडिंगमधून फील्डच्या छोट्या डायोडकडे आणि तिथून रोटरला जातो. चावी बंद असूनही रोटर रात्रभर चुंबक होऊन बसतो. खात्री करायची असेल तर पुलीच्या बाजूने शाफ्टजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक न्या. चावी बंद असताना ते खेचलं जाता कामा नये. काही वेळा चावी काढल्यावरही लाल दिवा हलका जळताना दिसतो, तीही याचीच खूण. रोटर तीन अँपिअर खात असेल तर आठ तासांत २४ अँपिअर-तास गेले. ८० च्या बॅटरीतला चांगला पाव हिस्सा, आणि तीही जर आधीच पूर्ण भरलेली नसेल तर सकाळी सेल्फ कसला फिरतोय!

मीटरवरही बघून घ्या. मीटर एसी व्होल्टवर, पिना बॅटरीवर, गाडी चालू, दिवे चालू. डायोड ठीक असतील तर ०.१ च्या आसपास किंवा कमी दिसतं. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त एसी येत असेल तर डायोड प्लेट गेलीच समजा. मात्र स्वस्तातले काही मीटर एसीच्या रेंजवर डीसीसुद्धा मोजून बसतात आणि वीस-पंचवीस व्होल्ट दाखवून घाबरवतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून बघा. शून्य दाखवला तरच त्या मीटरवर विश्वास ठेवा.

गळती मोजायची सरळ पद्धतही आहे. सगळं बंद, दारं लावलेली, बॅटरीचं मायनस काढून मीटर १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. तुमच्यासारख्या कॉम्प्युटर नसलेल्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आतच आकडा असायला हवा. जास्त आला तर बी प्लसची वायर सोडवून, टेप गुंडाळून बाजूला ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर चोर ऑल्टरनेटरमध्ये. तसाच राहिला तर म्युझिक सिस्टिम, अलार्म, नंतर लावलेले फॉगलाइट यांच्याकडे वळा.

आणि हा डायोड गेला कशाने ते शोधा. तक्रार नवी बॅटरी टाकल्यानंतर सुरू झालीय का? बसवताना प्लस-मायनस क्षणभर जरी उलटं टेकलं असेल तरी डायोड जातात. एकच ठिणगी पुरते. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावताना उलटी जोडणी, किंवा बंपर-कॅरियरला बॅटरी न काढता केलेलं आर्क वेल्डिंग, ही बाकीची नेहमीची कारणं. पुढच्या वेळी वेल्डिंगवाल्याकडे गेलात तर आधी बॅटरीचं मायनस काढायला सांगा.

समजा सगळं बघून ऑल्टरनेटरच खाली काढायचं ठरलं. बॅटरीचं मायनस काढा. मग बी प्लस, डी प्लस, आणि आरपीएम मीटर असेल तर डब्ल्यूची वायर. पंपाला तीन जोडण्या असतात: ऑइल आणणारा बारीक पाइप, ऑइल परत इंजिनात सोडणारा जाड रबरी पाइप, आणि बूस्टरकडे जाणारा व्हॅक्यूमचा पाइप. ऑइलच्या पाइपाच्या बोल्टाला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात. ते नवे आणून ठेवा, जुने पुन्हा वापरले की हमखास झिरपतात.

खोलण्याआधी दोन्ही कव्हरांवर आणि मधल्या स्टेटरवर (न फिरणाऱ्या वाइंडिंगच्या कड्यावर) एकाच रेषेत पंचने खूण करा. आणि मग आत काय दिसतं ते नीट बघा, कारण या गाडीच्या ऑल्टरनेटरची खरी कहाणी इथेच कळते. आतली धूळ कोरडी, करडी असेल तर कार्बन किंवा डायोडचं साधं दुखणं. पण सगळीकडे काळा, चिकट, डांबरासारखा लेप असेल, कार्बन होल्डरमध्ये अडकून बसले असतील, स्लिप रिंगवर (कार्बन ज्यांवर घासतात त्या कड्यांवर) काळी साय असेल, तर व्हॅक्यूम पंपाचं ऑइल सील गेलंय आणि इंजिनाचं ऑइल आत येतंय. बाहेरून हे दिसत नाही. फार तर खालच्या कव्हरच्या फटीतून थोडं ऑइल गळताना दिसेल, आणि लोक त्याला इंजिनाची गळती समजतात.

अशा ऑल्टरनेटरला नुसते कार्बन आणि कटआउट घालून परत बसवणं म्हणजे फुटलेल्या छपराखाली नवा पंखा लावणं. काही महिन्यांत गाडी परत. सील बदलाच, आणि सील जिथे बसतं तिथे शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडलीय का ते बघा. पडली असेल तर नवं सीलही टिकणार नाही. पुढे, सील का गेलं? ऑइल परत जाण्याचा रबरी पाइप आतून फुगला असेल, दबला असेल किंवा गाळाने भरला असेल, तर पंपात ऑइल साठतं आणि दाबाने सीलमधून वाट काढतं. तो पाइप काढून आरपार फुंकून बघा. जुन्या इंजिनात रिंगा झिजून ब्लोबाय (पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा वायू) वाढलेला असेल तर ऑइल चेंबरमधल्या दाबामुळेही ऑइल परत उतरत नाही. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर भकाभका धूर येतो का, ते एकदा बघून ठेवा. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरायची सवय असेल तर तीही सोडा.

आतले भाग भराभर सांगतो. कार्बन पाच-सहा मिलिमीटरच्या खाली आले असतील तर बदला. होल्डरमध्ये ते बोटाने दाबल्यावर मोकळे वर-खाली व्हायला हवेत. स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा; एमरी वापरू नका, तिचे कण करंट वाहून नेतात. रोटरचा रोध दोन रिंगांच्या मध्ये मोजा: साधारण तीन-चार ओहम. मीटरच्या पिना एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करायला विसरू नका. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र काहीच दिसता कामा नये. स्टेटरच्या तीन वाइंडिंगचा रोध इतका कमी असतो की साध्या मीटरला तो कळत नाही. तिथे डोळे आणि नाक वापरा. वार्निश एकसारखं तपकिरी असेल तर ठीक; एक भाग काळाठिक्कर आणि जळका वास, तर गेलं. स्टेटर आणि रोटर दोन्ही गेले असतील तर तो ऑल्टरनेटर दुरुस्त करू नये, असं माझं मत.

डायोड तपासायला स्टेटरच्या तारा प्लेटपासून सोडवाव्या लागतात, नाहीतर एक डायोड दुसऱ्याच्या आड लपतो. मीटर डायोडच्या खुणेवर. एका दिशेने ०.४ ते ०.७, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे आकडा आला तर शॉर्ट, दोन्हीकडे नाही आला तर ओपन. सहा मोठे आणि तीन छोटे फील्डचे, सगळे बघा. एकच गेला असला तरी पूर्ण प्लेट बदललेली बरी. डाग देताना मोठं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि डायोडचा पाय पक्कडीत धरून ठेवा, म्हणजे उष्णता पक्कड शोषून घेईल. बारीक आयर्नने मिनिटभर तापवत बसलात तर नवा डायोड बसवतानाच मरतो.

बेअरिंग हाताने फिरवा. खडबड जाणवली तर दोन्ही बदला. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. ऑइलने माखलेला स्टेटर डिझेलमध्ये बुडवून धुणारे पुष्कळ आहेत, ते करू नका. वार्निश मऊ पडतं आणि आत राहिलेलं डिझेल धूळ धरतं. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि ब्रश घ्या, मग उन्हात चांगलं वाळू द्या.

व्हॅक्यूम पंप उघडलाच आहे तर त्याची पाती बघा. ती खाचेत मोकळी सरकायला हवीत, घराच्या भिंतीवर खोल ओरखडे नकोत. शाफ्टचे स्प्लाइन दातही बघा. ते झिजले की ऑल्टरनेटर फिरतो, चार्जिंग व्यवस्थित होतं, दिवा विझतो, आणि पंप मात्र जागेवर थांबलेला असतो. मीटर हे कधीच सांगणार नाही, ते फक्त ब्रेकचं पेडल सांगतं. म्हणून परत बसवताना पंपात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि शाफ्ट हाताने फिरवून घ्या, कोरडा सुरू करू नका.

बसवून झाल्यावर ब्रेकची चाचणी अशी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते कडक होईल. तसंच दाबून धरा आणि गाडी चालू करा. काही क्षणांत पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप, पाइप किंवा त्यातला एका दिशेचा व्हॉल्व्ह यातलं काहीतरी चुकलंय; गाडी गेटबाहेर काढायची नाही. मग गाडी वीसेक मिनिटं चालू ठेवून चार्जिंगचा आकडा पुन्हा घ्या. कमी दर्जाचे कटआउट गार असताना १४.२ देतात आणि तापले की १३ वर येऊन बसतात. तेव्हाच खाली वाकून ऑइलच्या जोडण्याही बघा.

दुरुस्त की नवा? कार्बन, कटआउट, डायोड प्लेट, बेअरिंग, सील, इथपर्यंत असेल तर दुरुस्त करा. मूळ कंपनीचा रोटर आणि स्टेटर धड असेल तर तो कुठल्याही बिननावाच्या नव्या ऑल्टरनेटरपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. नवा घ्यायचाच असेल तर पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला पर्याय मिळतील, पण दुकानात जुना सोबत न्या. पंप मागे आहे का, पुलीची खाच तीच आहे का, माउंटिंगचे कान त्याच अंतरावर आहेत का आणि प्लेटवर लिहिलेले अँपिअर तेवढेच आहेत का, हे समोर ठेवून जुळवा. जास्त अँपिअरचा घेतलात तर बी प्लसची वायरही जाड करावी लागेल. जुना लगेच मोडीत देऊ नका. नवा बसून आठवडाभर आकडे बरोबर आले की मग द्या.

आणि एक विचारायचं राहिलं: हेडलाइटला काय बल्ब आहेत? मूळचे ६०/५५ वॅटचे दोन मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. १००/९० चे टाकले असतील तर अप्परवर पंधरा होतात. त्यात पावसातले वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, कुणी लावलेले फॉगलाइट. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कमी आरपीएमवर असताना ऑल्टरनेटर पूर्ण करंट देतच नाही. तेव्हा घाटातच दिवे पिवळे पडणं हे निम्मं या हिशोबाचंही असू शकतं. मोठे बल्ब असतील तर मूळचे परत लावा आणि रिले टाकून घ्या, म्हणजे दिव्यांचा करंट स्विचमधून न जाता थेट बॅटरीवरून येईल. ६०/५५ चाच बल्ब पूर्ण व्होल्टेजवर बघा किती उजेड देतो ते.

सुरुवात उद्या पहाटे ऑल्टरनेटरला हात लावण्यापासून करा, मग बॅटरीचा आकडा, मग बी प्लसचा ड्रॉप, मग एसी. हे चार निकाल मला कळवा, उघडायचं की नाही ते लगेच सांगता येईल. तोवर कुंभार्ली रात्रीची टाळा, आणि दिवसा उतरायची असेल तर पोफळीच्या बाजूचा उतार लागण्याआधीच पेडल एकदा दाबून बघा. नेहमीपेक्षा कडक लागलं तर गाडी बाजूला घ्या.